सही कोणत्या नोंदीला हवी?

(संगणकावरील ऊस नोंदी आणि इलेक्ट्रॉनिक सही यांविषयी सभासदांसाठी माहिती)



सहकारी कारखान्यात सहीला मोठा मान आहे. भाग मागणीचा अर्ज असो, ऊस नोंदीचा करार असो की उचल घेतल्याची पावती असो, सही किंवा अंगठा झाल्याखेरीज कागद पुढे सरकत नाही. शेतकी खात्याच्या नोंदवहीचाही एक शिरस्ता होता. आकडा चुकला तर तो रबराने पुसायचा नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि दुरुस्ती करणाराने बाजूला छोटी सही करायची. त्यामुळे चुकीचा आकडाही वाचता येई आणि दुरुस्त केलेलाही. कोणी बदलला हेही कळे.

आता नोंदवही संगणकात गेली. काम झपाट्याने होऊ लागले, बेरजा चुकेनाशा झाल्या, ही गोष्ट चांगलीच झाली. पण संगणकाच्या पडद्यावर खाडाखोड दिसत नाही. जुना आकडा काढून नवा घातला की नवा तेवढाच दिसतो, आणि तो जणू पहिल्यापासूनच तिथे होता असे वाटते. जुना आकडा जपून ठेव आणि बदलणाराची सही घे, असे संगणकाला मुद्दाम सांगून ठेवावे लागते. हे सांगताना पहिलाच प्रश्न येतो तो असा की, सही कोणत्या नोंदीला घ्यायची आणि कोणत्या नोंदीला नाही? वरवर हा संगणक विभागाचा प्रश्न दिसतो. आमच्या मते तो ऊस उत्पादकाचा प्रश्न आहे. म्हणून हा लेख.

एका आकड्याची किंमत

एक उदाहरण घेऊ. एकाच गावात दोन सभासद आहेत. दोघांचा ऊस पूर्वहंगामी, जात एकच, को ८६०३२. एकाची लागण २ नोव्हेंबरची, दुसऱ्याची १२ नोव्हेंबरची. तोडणीची क्रमपाळी लागणीच्या तारखेप्रमाणे लागते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आता समजा, कोणीतरी १२ मधला १ पुसला. एवढंच केलं. १२ चे २ झाले आणि दुसरा सभासद पहिल्याच्या बरोबरीला येऊन बसला. असे चार-पाच ठिकाणी झाले की ज्याची तारीख खरी तो मागे ढकलला जातो.

मागे पडणाराचे काय होते ते आम्ही सांगायला नको. उसाला तुरा येतो, वजन घटते, उन्हाळ्यात विहीर तळाला गेलेली असताना उभ्या उसाला पाणी द्यावे लागते, खोडवा उशिरा धरला जातो. शिवाय मजूर टंचाईच्या दिवसांत टोळी एकदा फडावरून पुढच्या गावाला गेली की परत आणणे किती अवघड, तेही आपण जाणता. हे सगळे एका आकड्यापायी. आणि तो आकडा कोणी बदलला, केव्हा बदलला, कशासाठी बदलला याचा पत्ता नसेल तर दाद कुठे मागायची?

संगणकातली सही म्हणजे नेमके काय

सही म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शाईची सही येते. तिचा फोटो काढून कागदावर चिकटवला तर ती सही होत नाही. तसा फोटो कोणीही कुठेही चिकटवू शकतो. संगणकातल्या सहीचे दोन प्रकार मुख्यतः ध्यानात घ्यावेत.

पहिला प्रकार कार्यालयीन कामातला. कर्मचारी नोंद बदलतो आणि ती जतन करायला जातो. तेवढ्यात प्रोग्रॅम त्याला थांबवतो. ‘पुन्हा आपले नाव आणि सांकेतिक शब्द द्या, बदलाचे कारण लिहा,’ असे विचारतो. ते दिल्याशिवाय बदल जतन होत नाही. दिल्यावर जुना आकडा, नवा आकडा, कर्मचाऱ्याचे नाव, तारीख, वेळ आणि कारण हे सर्व त्या नोंदीला बांधून ठेवले जाते. सकाळी एकदा नाव टाकून संगणक उघडला म्हणजे दिवसभराच्या सगळ्या कामावर सही झाली, असे येथे चालत नाही. त्या त्या बदलाच्या वेळी पुन्हा ओळख पटवावी लागते.

दुसरा प्रकार कायद्यातला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला आणि त्याने डिजिटल सहीला कागदावरच्या सहीसारखी मान्यता दिली. २००८ साली त्यात दुरुस्ती झाली. ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली आणि ‘इलेक्ट्रॉनिक सही’ ही अधिक व्यापक संज्ञा आली. पुढे २०१५ पासून आधारच्या साहाय्याने अशी सही करण्याची सोय निघाली. आपल्याला याची ओळख सातबाऱ्यामुळे झाली. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. त्यावर तलाठ्याची शाईची सही नसते, तरी तो चालतो. तो याच कायद्याच्या बळावर.

डिजिटल सहीची युक्ती अशी. संगणक गणिताने मजकुराचा एक ठसा काढतो. मजकुरातले एक अक्षर किंवा एक आकडा जरी बदलला तरी ठसा पार निराळा येतो. हा ठसा सही करणाराच्या खाजगी किल्लीने बंद केला जातो. ती किल्ली त्याच्याचपाशी असते. उघडून पडताळण्याची दुसरी किल्ली मात्र सर्वांना खुली असते. ती किल्ली खरोखर त्याच माणसाची आहे, असे प्रमाणपत्र सरकारमान्य संस्था देते. सहीनंतर कोणी मजकुराला हात लावला की ठसे जुळत नाहीत आणि लबाडी उघडी पडते.

या दोन प्रकारांत गल्लत करू नये. पहिला प्रकार कारखान्याच्या अंतर्गत शिस्तीसाठी, रोजच्या दुरुस्त्यांसाठी. करारमदार आणि बाहेर जाणारे महत्त्वाचे दाखले यांना दुसरा प्रकार हवा. पहिल्या प्रकाराला कोणी ‘कायदेशीर डिजिटल सही’ म्हणू लागला तर त्याला तिथेच थांबवावे.

नोंद, रकाना आणि कृती

संगणकातील माहिती तक्त्यांत असते. ऊस नोंदीचा एक तक्ता, वजनाचा एक, बँक खात्यांचा एक, भागांचा एक. प्रत्येक तक्त्यात ओळी आणि रकाने असतात, आपल्या जुन्या नोंदवहीसारखेच. सहीची सक्ती ठरवताना तीन गोष्टी निवडाव्या लागतात : कोणता तक्ता, त्यातला कोणता रकाना, आणि कोणती कृती. कृती तीन प्रकारच्या. नवी नोंद घालणे, असलेली बदलणे आणि नोंद रद्द करणे.

ऊस नोंदीचा तक्ता घ्या. त्यात सभासद क्रमांक, गाव, गट नंबर, क्षेत्र, जात, लागण की खोडवा, लागणीची तारीख, मोबाईल नंबर असे रकाने आहेत. या सर्वांना सरसकट सही लावायची का? गावाच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला गट अधिकाऱ्याची सही कशाला? पण क्षेत्र आणि तारीख यांचे तसे नाही.

आणखी एक गोष्ट म्हणजे टप्पा. शेतकी मदतनीस बांधावर नोंद घेतो आणि संध्याकाळी तीच तपासून सुधारतो. तोपर्यंत ती कच्ची नोंद आहे. प्रत्यक्ष पाहणी होऊन गट ऑफिसने ती पक्की केली, की त्यानंतरच्या प्रत्येक बदलाला सही हवी. कच्च्या नोंदीला सही मागितली तर माणूस चूक सुधारायचा कंटाळा करील. पक्क्या नोंदीला मागितली नाही तर पक्केपणाला अर्थ राहणार नाही.

निवडीच्या चार कसोट्या

आम्ही खात्यात यादी करताना चार प्रश्न विचारतो.

पहिला : या नोंदीने कोणाचा पैसा किंवा कोणाची पाळी हलते का? हलत असेल तर सही हवी.

दुसरा : ही नोंद माणसाच्या निर्णयाने होते की यंत्राने आपोआप होते? निर्णय माणसाचा असेल तर त्या माणसाचे नाव पाहिजे. यंत्राने आलेल्या आकड्यावर माणसाची सही घेऊन काही साधत नाही. तिथे आकडा बदलताच येऊ नये, अशी व्यवस्था पाहिजे.

तिसरा : चूक झाली तर मागाहून दुरुस्त करता येते का? चुकीच्या खात्यात गेलेला पैसा परत आणणे फार कठीण. चुकलेला पत्ता केव्हाही सुधारता येतो.

चौथा : सही करणाराला ती गोष्ट खरोखर माहीत असते का? ज्याने शेत पाहिले नाही त्याने क्षेत्राखाली सही केली तर तिला काय अर्थ? सही आहे म्हणून पुढचा माणूस निर्धास्त होतो. माहिती नसताना केलेली सही ही सही नसण्यापेक्षा घातक.

आमची शिफारस

वरील कसोट्यांवरून आम्ही केलेली शिफारस येणेप्रमाणे आहे.

१) ऊस नोंद. पक्क्या नोंदीतील क्षेत्र, जात, लागण-खोडवा हा प्रकार आणि तारीख यांतील बदलाला दोन सह्या : पाहणी करणाराची आणि गट अधिकाऱ्याची. नोंद रद्द करायची झाल्यास त्यांबरोबर सभासदाचा लेखी अर्ज.

२) तोडणी क्रमपाळी. क्रमाप्रमाणे निघणाऱ्या तोडणी चिठ्ठीला वेगळी सही नको. क्रम सोडून काढलेल्या प्रत्येक चिठ्ठीला मात्र सही आणि कारण हवे. जळीत ऊस, पुराचे पाणी शिरलेला ऊस, रस्त्यासाठी मोकळे करावयाचे रान अशी खरी कारणे असतात. ती लिहिण्यात कोणाला अडचण नसावी.

३) वजन. भरल्या गाडीचे आणि रिकाम्या गाडीचे वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावरून थेट संगणकात यावे. त्याला सही नको. पण काटा-संगणकाचा संबंध तुटल्यामुळे हाताने भरलेले वजन, किंवा एका सभासदाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर वळवलेली खेप, याला काटा विभाग आणि शेतकी खाते या दोघांच्या सह्या हव्यात.

४) बँक खाते. सभासदाच्या खाते क्रमांकातील कोणत्याही बदलाला दोन सह्या, आणि बदल झाल्याचा संदेश जुन्या मोबाईल नंबरावरही जावा. नुसता नव्या नंबरावर गेला तर ज्याने लबाडी केली त्यालाच संदेश मिळायचा. याच कारणाने मोबाईल नंबर बदलायलाही एक सही असावी.

५) बिलातून होणाऱ्या कपाती. सोसायटी कर्ज, बेणे, खते, ठिबक यांच्या नेहमीच्या कपाती यादीप्रमाणे येतात. यादीबाहेरची कपात घालायला किंवा असलेली काढायला सही हवी.

६) भाग हस्तांतरण आणि वारस नोंद. येथे पैशाबरोबर मतदानाचा हक्कही जातो. म्हणून संगणकातल्या सहीबरोबर मूळ कागदपत्र आणि ठरावाचा क्रमांक असल्याखेरीज नोंद पुढे जाऊ नये. येथे एक सांगून ठेवतो. मृत्युपत्राला इलेक्ट्रॉनिक सहीचा कायदा लागू नाही. ते कागदावरच हवे.

७) मूळ तक्ते. ऊस दर, वाहतुकीचे अंतर, तोडणी दर, वजावटीचे प्रमाण हे तक्ते छोटे असतात. वर्षातून एखाद-दुसरी ओळ बदलते, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. पण हिशोब करून पहा. पाच लाख टन गाळप असलेल्या कारखान्यात दराच्या तक्त्यात एका रुपयाचा फरक म्हणजे पाच लाख रुपये. एका सभासदाच्या बिलात गफलत झाली तर तो सभासद ओरडतो. मूळ तक्त्यात झाली तर सगळ्यांचीच बिले सारखी चुकतात आणि कोणालाच संशय येत नाही. म्हणून या तक्त्यांना सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सह्या हव्यात.

सही नको तिथे नको

‘मग सगळ्यालाच सही लावा की! झंझटच नको,’ असे काही सभासद म्हणतील. हा सल्ला वरून बरा वाटतो, पण तो घातक आहे.

दिवसाला ८०० खेपा येतात असे धरू. प्रत्येक खेपेला सहीसाठी १० सेकंद गेले तर ८,००० सेकंद झाले, म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपास. तेवढा वेळ काट्यावर गाड्या तटून राहणार, बैल जुंपलेलेच उभे राहणार, ऊस वाळणार. आणि काटा क्लार्क काय करील? तो सांकेतिक शब्द कागदावर लिहून संगणकाला चिकटवील आणि जो येईल तो बटण दाबील. रोज शंभर सह्या करणारा माणूस वाचून सही करीत नाही. मग जी एक सही खरोखर महत्त्वाची, तीही त्या शंभरांत वाहून जाते.

पिकाला पाणी हवे म्हणून कोणी रान चिबड करून ठेवत नाही. सहीचेही तसेच. थोडी, पण योग्य ठिकाणी.

जिथे सही नको तिथेही संगणकाने आपली मूक नोंद ठेवावी. कोणत्या नावाने, किती वाजता, काय बदलले, हे यंत्र आपोआप लिहून ठेवते. ती नोंद कोणालाही पुसता येऊ नये. ही मूक नोंद आणि सही यांत फरक आहे. मूक नोंद सांगते की काय घडले. सहीने माणूस सांगतो की, ‘हे मी पाहिले आहे आणि याला मी जबाबदार आहे.’

सही कोणी करायची

पहिला नियम असा की ज्याने बदल केला त्यानेच मंजुरी देऊ नये. दोन सह्या म्हणजे दोन वेगळी माणसे.

दुसरा नियम थोडा आपल्या घरातला आहे. कारखान्याचे पुष्कळ कर्मचारी स्वतः ऊस उत्पादक आहेत, सभासदांचे भाऊबंद आहेत. त्यात गैर काही नाही, सहकाराची मुळे तिथेच आहेत. पण स्वतःच्या किंवा घरच्या उसाच्या नोंदीतील बदलावर कोणी स्वतः सही करू नये. ती दुसऱ्या गटाच्या अधिकाऱ्याने करावी. प्रोग्रॅममध्ये कर्मचाऱ्याचा सभासद क्रमांक घालून ठेवला तर तो स्वतःच्या नोंदीवर सही घेणारच नाही. आम्ही शेतकी खात्याचे लोकही याला अपवाद नसावे.

तिसरा नियम रजेचा. गट अधिकारी रजेवर गेला तर त्याचा सांकेतिक शब्द मागे ठेवून जाऊ नये. त्याच्या जागी कोणी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत सही करायची, हे संगणकातच नोंदवावे. सांकेतिक शब्द उसना देणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणे होय.

चौथा नियम फोनचा. ‘वरून फोन आला’ हे कारण आपल्याकडे फार चालते. कारणाच्या रकान्यात ते चालू नये. ज्यांनी सांगितले त्यांची सही घ्यावी. सांगणाराला सही करायची नसेल तर बदलही करू नये. असे झाले तर निम्मे फोन येणारच नाहीत, असा आमचा होरा आहे.

औषध कारखान्यांचा धडा

याबाबत औषधनिर्मितीच्या क्षेत्रात बरेच काम झालेले आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली इलेक्ट्रॉनिक नोंदी व सह्यांचा नियम केला. ‘भाग ११’ या नावाने तो ओळखला जातो. अमेरिकेला औषधे पाठवणाऱ्या आपल्या देशातील कारखान्यांनाही तो सांभाळावा लागतो. औषधाच्या नोंदीतला आकडा मागाहून बदलला तर रोग्याच्या जिवाशी खेळ, म्हणून तिथे एवढी कडक शिस्त.

त्या नियमातल्या तीन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. एक, सहीबरोबर तीन बाबी दिसल्या पाहिजेत : सही करणाराचे नाव, तारीख-वेळ, आणि सहीचा अर्थ. ‘मी लिहिले’, ‘मी तपासले’ आणि ‘मी मंजूर केले’ हे तीन अर्थ वेगळे आहेत. दोन, सही त्या नोंदीला अशी जोडलेली असावी की ती काढून दुसऱ्या नोंदीला लावता येऊ नये. तीन, नवा आकडा लिहिताना जुना झाकला जाऊ नये. पाहिलेत ना, हा आपल्या जुन्या नोंदवहीचाच शिरस्ता आहे. एक आडवी रेघ आणि बाजूला छोटी सही!

कुलपाची किल्ली कोणाकडे

सर्व यादी नीट केली, पण ही यादीच बदलण्याचा अधिकार एका माणसाच्या हाती मोकळा राहिला, तर काय उपयोग? तो तासभर सहीची सक्ती बंद करील, हवा तो बदल करील आणि सक्ती पुन्हा चालू करील. म्हणून कोणत्या नोंदीला सही लागते हा तक्ताच सहीच्या यादीत पहिला असावा. त्यातील बदलाला संगणक विभाग आणि कार्यकारी संचालक अशा दोन सह्या हव्यात आणि बदल संचालक मंडळापुढे ठेवला जावा.

प्रोग्रॅम पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस मागच्या दाराने थेट तक्त्यात जाऊन आकडा बदलू शकतो, हेही विसरू नये. त्या वेळी समोरच्या पडद्यावरची सही आडवी येत नाही. अशा प्रवेशाला आधी लेखी परवानगी आणि नंतर कामाची यादी, ही अट करारातच घालावी.

घड्याळाचाही मुद्दा आहे. वेळ मुख्य संगणकाची धरावी, हातातल्या मोबाईलची नव्हे, कारण मोबाईलची तारीख मागे-पुढे करता येते. शिवारात रेंज नसेल तर नोंद बांधावर होते आणि ती गावात आल्यावर पुढे जाते. अशा वेळी नोंद घेतल्याची आणि ती पोहोचल्याची, अशा दोन्ही वेळा लिहिल्या जाव्यात.

तारखांना एवढे जपायचे कारण पैशातही आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे देण्याची आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याजाची अट घातली. हे दिवस मोजायचे तर ऊस पोहोचल्याची तारीख पक्की हवी.

शंका आणि समाधान

शंका : आपल्याच माणसांवर एवढा अविश्वास का?
समाधान : सहीने प्रामाणिक कर्मचाऱ्याचेही रक्षण होते. उद्या कोणी म्हणाला की क्लार्कने क्षेत्र कमी केले, तर क्लार्क दाखवू शकतो की पाहणी कोणी केली आणि मंजुरी कोणी दिली. सही नसेल तर दोष नेहमी सर्वांत खालच्या माणसावर येतो.

शंका : आम्हाला सही येत नाही, अंगठा लावतो. आमचे काय?
समाधान : वर सांगितलेल्या सह्या कर्मचाऱ्यांच्या आहेत. सभासदाचा अर्ज कागदावर, अंगठ्यानिशी आणि साक्षीदारांसह पूर्वीप्रमाणे घेता येतो. संगणक आला म्हणून कोणाचा हक्क कमी होत नाही.

शंका : कोर्टात संगणकाची नोंद चालते का?
समाधान : चालते, पण नियमाप्रमाणे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मध्ये कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात दाखल करण्याची रीत दिली आहे. सोबत ठराविक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. नोंद कशी ठेवली, कोणी बदलली, हे ज्याला दाखवता येते त्याची बाजू भक्कम राहते.

शंका : जुन्या नोंदींवर आता सह्या घेणार का?
समाधान : नाही. सक्ती ज्या तारखेपासून सुरू होईल तिथून पुढेच. मागच्या नोंदीवर आज सही करून जुनी तारीख घालणे हा खोटेपणा होईल. जुन्या नोंदी जशा आहेत तशाच, ‘सहीपूर्वीच्या’ अशी खूण करून ठेवाव्यात.

सभासदांनी काय करावे

कारखान्याने कितीही कुलपे लावली तरी धन्याचे लक्ष हेच खरे कुलूप. म्हणून प्रत्येक सभासदाने पुढील गोष्टी पाळाव्यात.

लागणीची नोंद झाल्यावर पावती किंवा मोबाईलवरचा संदेश घ्यावा. त्यावरील गट नंबर, क्षेत्र, जात आणि तारीख त्याच दिवशी वाचून पहावी. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्यावी. चूक आढळल्यास तोंडी न सांगता गट ऑफिसला लेखी द्यावे आणि पोच घ्यावी.

वजन पावत्या हंगाम संपेपर्यंत टाकू नयेत. बिल आले की खेपांची संख्या आणि टनेज ताडून पहावे.

मोबाईलवर आलेला ओ.टी.पी. कोणालाही सांगू नये. मागणारा कारखान्याचे नाव सांगो, बँकेचे सांगो की ओळखीचा असो. तो आकडा म्हणजे आपली सहीच आहे, हे पक्के ध्यानात ठेवावे.

आपल्या नोंदीत बदल झाल्याचे कळले तर गट ऑफिसला तीन गोष्टी विचाराव्यात : आधी काय होते, आता काय आहे, आणि सही कोणाची आहे. या तिन्हींचे उत्तर मिळणे हा सभासदाचा हक्क आहे आणि देणे हे आमचे काम आहे. क्रम सोडून निघालेल्या तोडणी चिठ्ठ्यांची यादी कारणांसह दर पंधरवड्याला गट ऑफिसच्या फलकावर लावावी, असेही आम्ही सुचवले आहे. गावातल्या चारचौघांच्या नजरेखालून जाणारी यादी कोणत्याही सांकेतिक शब्दाहून अधिक पक्की.

वरील शिफारशींवर सभासदांच्या सूचना हव्या आहेत. कोणत्या नोंदीला सही हवी आणि कोणत्या ठिकाणी ती निव्वळ अडचण होईल, हे बांधावरच्या माणसाला टेबलावरच्या माणसापेक्षा जास्त कळते. गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी आपल्या सूचना लेखी स्वरूपात आपापल्या गट ऑफिसात द्याव्यात. प्रत्येक सूचनेची पोच दिली जाईल, आणि त्या पोचेवर शेतकी खात्याची सही असेल.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते